एका फुंकणीवर दोघं

"अहो, तो माझा ग्लास आहे!"

तिने ओरडायला आणि त्याने ग्लास रिकामा करायला एकच गाठ पडली. घामाने निथळत आत आलेल्या त्या माणसाने तिच्या टेबलावरचा जग उचलून, तिच्याच ग्लासात पाणी ओतून गटागटा पिऊन टाकलं होतं. ओरडा ऐकून तो थबकला. ग्लासाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि दुसऱ्यांदा ग्लास भरत म्हणाला,

"पाणीही तुमचंच होतं का?"

"पाणी सगळ्यांचं आहे."

"मग भांडण नुसतं काचेपुरतं. आणि काच इथे पैशाला पासरी दिसतेय."

ते खरंच होतं. काचकारखान्यातली ही मागची खोली पॅकिंगची. चारी भिंतींना फळ्या, आणि फळ्यांवर फुलदाण्या, पेले, दिव्यांचे गोळे, अत्तराच्या बाटल्या. पण एवढ्या काचेत तिच्या हक्काचा ग्लास एकच होता, आणि त्या ग्लासाला गेलं वर्षभर तिच्याशिवाय कुणी बोटसुद्धा लावलेलं नव्हतं. आता सांगावं का याला? जिभेच्या टोकावर आलं होतं... पण ज्याचे दोन ग्लास पिऊन झालेत त्याला आता सांगून काय उपयोग, असं म्हणून तिने ते परत गिळलं. खरं कारण वेगळं होतं. न बिचकता तिच्या जवळ उभा राहिलेला माणूस फार दिवसांनी दिसला होता, आणि तो आणखी थोडा वेळ तसाच उभा राहावा असं तिला वाटलं.

"आजच आलोय भट्टीवर," तो म्हणाला. "सकाळपासून सगळे मला 'नवा' म्हणतायत. हे गुंडाळायला द्यायचं होतं."

त्याने बगलेतली निळी फुलदाणी टेबलावर ठेवली. तिने ती उचलली, उजेडाकडे धरली, एकदा फिरवली.

"शिंक आली होती का?"

"कुणाला?"

"तुम्हाला. हिची मान ओढताना."

नवा बघतच राहिला. "आली होती. पण... तुम्ही तर इथे आत होता!"

"फुंकणी फिरवायची थांबलात. ही बघा जाडी." तिने त्याचं बोट धरून फुलदाणीच्या मानेवर टेकवलं. मग आपण काय केलं हे लक्षात येऊन झटकन सोडलं. "लागली?"

"लागली," तो म्हणाला. तो फुलदाणीकडे बघत नव्हता. "तुम्ही नक्की पॅकिंगच करता ना?"

तिने कागदाचा ताव ओढला आणि गुंडाळायला सुरुवात केली.

नक्की पॅकिंगच करत होती ती, गेलं वर्षभर. त्याआधी ती भट्टीवर होती. तिथे तिला भिंगरी म्हणत, कारण लोखंडी फुंकणीच्या टोकावर वितळलेल्या काचेचा गोळा घेऊन ती फुंकणी अशी काही गरगर फिरवायची, की कारखान्याच्या गॅलरीत तिकीट काढून बघायला आलेली माणसं आपसूक टाळ्या द्यायची. सगळ्यात जुने कारागीर म्हणजे मिस्त्रीकाका. त्यांच्या हाताखाली ती शिकली. मोठ्या वस्तू जोडीने कराव्या लागतात: एकाने फुंकून सुरुवात करायची, मग बाकावर बसून आकार द्यायचा, आणि त्या वेळी त्याच फुंकणीला तोंड लावून दुसऱ्याने फुंकायचं. तिची जोडी लंबू नावाच्या उंच कारागिराशी होती. दोघं मिळून माणूसभर उंचीच्या बरण्या करत आणि दिवसभर एकमेकांची टर उडवत.

मग तिला खोकला लागला. टीबी निघाला. ती रजेवर गेली, मुकाट्याने मूठमूठ गोळ्या खाल्ल्या आणि ठणठणीत बरी झाली. आता हिच्यापासून कुणाला काही धोका नाही, काम करायला हरकत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. ती नाचतच परत आली. मालकांनी खुर्ची दिली, तब्येतीची चौकशी केली आणि म्हणाले,

"तुझ्या काळजीपोटीच म्हणतोय. तू आता पॅकिंगला बस."

"पण मी बरी झालेय, मालक."

"ते आहेच गं. पण फुंकणी म्हणजे तोंडाची वस्तू. बाकीच्यांच्या मनाचा विचार नको का करायला? आणि गॅलरीत गिऱ्हाईक उभं असतं. कुणाच्या कानावर गेलं तर...?"

"मालक, तुमच्या भट्टीत जंतू जगत असेल तर त्यालाच कामावर घ्या. एवढा चिवट कामगार मिळायचा नाही."

एरवी तिच्या विनोदाला सगळ्यात मोठ्याने हसणारे मालक त्या दिवशी हसले नाहीत. काळजी या शब्दाचा तिला तेव्हापासून जो तिटकारा बसला तो बसलाच. कुणी तिला घालून पाडून बोललं नाही. बोललं असतं तर निदान भांडता आलं असतं. जेवणाच्या टेबलावर ती बसली की लंबूला काहीतरी काम आठवायचं. कुणी डबा जरा पलीकडे सरकवायचं, कुणी उठून खिडकी उघडायचं, तेही हसतमुखाने. मिस्त्रीकाका ताटात मान घालून जेवायचे. शेवटी तीच मागच्या खोलीत डबा खायला लागली, आणि सगळ्यांचाच जीव भांड्यात पडला.

घर म्हणजे भाड्याची एक खोली. संध्याकाळी कुलूप उघडायचं, दिवा लावायचा, रेडिओ लावायचा. रेडिओत दोन माणसं एकमेकांशी बोलत असली की स्वयंपाक करताना बरं वाटायचं. रविवारी गावाहून आईचा फोन.

"खोकला नाही ना गं?"

"नाही, आई."

"आणि तिथे कुणाला काही बोलत बसू नकोस. उगाच बोभाटा होतो."

कुणाला बोलणार होती ती? बोलायला कुणीतरी लागतं की नाही? पण आईला हे सांगून तिच्या जिवाला घोर लावायचा नव्हता. ती "बरं" म्हणायची, फोन ठेवायची आणि उगाचच दोनदा भांडी घासायची.

अशा आयुष्यात हा नवा माणूस येऊन सरळ तिच्या ग्लासातून पाणी प्यायला. आता तिच्या मनात काही हललं तर त्यात तिचा काय दोष?

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो परत दारात हजर. हातात डबा, आणि बगलेत एक वाकडा पेला.

"हा बघा. काय चुकलंय?"

"सगळंच."

"थोडं सविस्तर सांगितलंत तर... मी इथेच बसून जेवतो तोवर."

तिसऱ्या दिवशी तळ बसलेली बरणी आली. चौथ्या दिवशी मान मोडलेला हंस. ती चुका सांगायची, तो ऐकायचा. तो निम्म्या वेळी काचेकडे बघायचाच नाही, हे तिला दिसायचं आणि न दिसल्यासारखं करायला आवडायचं. आपल्या डब्यातलं तो न विचारता तिच्या डब्यात वाढायचा. तिच्या डब्यातलं न विचारता उचलायचा. ती मनातल्या मनात दचकायची आणि रोज ठरवायची, आज सांगायचंच. आणि रोज सुट्टी संपायची.

एकदा मात्र तिने त्याला धरलं. "हा पेला मुद्दाम वाकडा केलाय तुम्ही."

"छे! काहीतरीच."

"खोटं बोलू नका. चुकून वाकडा झालेला पेला एका बाजूला झुकतो. हा चहूबाजूंनी वाकडा आहे. एवढं वाकडं करायला हात चांगला लागतो."

त्याचे कान लाल झाले. "मग काय करू? सरळ पेला घेऊन आलो तर तुम्ही नुसता गुंडाळून ठेवता. दोन शब्दसुद्धा बोलत नाही."

तिला हसू आलं. खूप दिवसांनी आलं, त्यामुळे ते लवकर थांबेना. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते हसण्याचंच होतं की कसं, तिचं तिलाच कळेना.

त्या संध्याकाळी पाऊस होता. बसथांब्याच्या पत्र्यावर तो एवढा वाजत होता की बोलायचं तर जवळ यावं लागत होतं. नवा जवळ आला आणि ती मागे सरली. रस्त्यावरचं पाणी तिच्या चपलेत शिरलं, तरी ती आत आली नाही.

"भिजताय तुम्ही."

"मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय." तिने डोळे मिटून घेतले, उघड्या डोळ्यांनी तिला ते जमलं नसतं. "मला टीबी झाला होता. आता नाही. पण झाला होता. म्हणून मी पॅकिंगला आहे. म्हणून तो ग्लास... मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मला वाटलं, सांगितलं की तुम्ही पण..."

"मला माहीत आहे."

तिने डोळे उघडले.

"पहिल्याच दिवशी कळलं," तो म्हणाला. "पाणी पिऊन परत गेलो तर लंबू माझ्याकडे असा बघत होता, जसं मी विष पिऊन आलोय. मग त्यानेच सांगितलं."

"आणि... काही वाटलं नाही तुम्हाला?"

"वाटलं ना. खोटं कशाला बोलू? त्या रात्री एक साधा ठसका लागला तर तासभर झोप उडाली. सकाळी जाऊन डॉक्टरांनाच विचारलं. ते म्हणाले, बरी झालेली बाई आहे ती, तुला काय होणार डोंबल! ते हसले, मलाही माझी लाज वाटली. आणि मग डबा घेऊन तुमच्याकडे आलो." त्याने सरकून जागा केली. "आता आत या. सर्दी झाली तर लोक भलतंच काहीतरी म्हणतील."

ती आत आली. त्याच्या बाहीला तिची बाही लागली, आणि बस येईपर्यंत दोघांपैकी कुणीच ती बाजूला घेतली नाही. घाबरलो होतो म्हणणारा माणूस तिला त्या क्षणी जगातल्या सगळ्या शूरवीरांपेक्षा आवडला. आवडला म्हणजे आवडलाच. आता त्याला दुसरा शब्द कुठून आणायचा?

पुढच्या आठवड्यात एका मोठ्या हॉटेलचं काम आलं. जिन्याच्या दोन बाजूंना लावायचे दोन मोठे दिव्यांचे गोळे, मधाच्या रंगाचे, एकसारखे. अर्थातच जोडीने करायचं काम. आणि नेमका त्याच सकाळी लंबूचा तळहात भाजला. मालक बाहेर गेले होते. नव्याने मिस्त्रीकाकांना गाठलं.

"काका, भिंगरी आहे की."

काकांनी मान खाली घातली. मग भट्टीकडे बघितलं. मग दाराकडे बघितलं. "मालक यायच्या आत करा," एवढंच म्हणाले.

ती भट्टीसमोर येऊन उभी राहिली. फुंकणी हातात आली आणि हात सगळं विसरून कामाला लागले. तिने वितळलेली काच टोकावर घेतली, लोखंडी पाटावर लोळवली, पहिला श्वास आत सोडला. आतमध्ये इवलासा फुगा जागा झाला. पुन्हा काच घेतली, पुन्हा फुंकलं. गॅलरीतल्या लोकांची कुजबुज थांबली. कारखान्यातल्यांचीही थांबली, पण ती वेगळ्या कारणाने. आता पुढे काय होतं ते बघायला सगळे डोळ्यांत प्राण आणून उभे होते.

ती बाकावर बसली, फुंकणी आडवी टेकवून फिरवू लागली, आणि म्हणाली, "घ्या."

नवा गुडघ्यावर बसला. आणि त्याने खांद्यावरच्या फडक्याचं टोक घेऊन फुंकणीचं तोंड पुसलं.

या कारखान्यात फुंकणी कुणी पुसत नसे. काच निवायच्या आत दुसऱ्याने तोंड लावायचं, अशीच इथली रीत होती. तिने लंबूची कधी पुसली नव्हती, काकांची पुसली नव्हती, कुणी तिची पुसली नव्हती. आज पुसली गेली, आणि तीही सगळ्यांदेखत.  हात मात्र फिरत राहिला, कारण काच कुणासाठी थांबत नाही. "हळू... अजून... बस," एवढंच ती बोलली. गोळा फुगला, मोठा झाला, मधासारखा चमकला, आणि काच सावकाश निवायच्या भट्टीत बिनचूक गेला. गॅलरीत टाळ्या झाल्या.

तेवढ्यात मागून आवाज आला. मालक केव्हा येऊन उभे राहिले होते कुणास ठाऊक.

"काकांना मी नंतर बघतो," ते म्हणाले. मग तिच्याकडे वळले, आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "बघितलंस ना? तुझी बाजू घेणाऱ्यालाही शेवटी पुसूनच घ्यावी लागली. याला मी काय करणार, सांग. जा, पॅकिंग पडलंय."

ती गेली. नवा मागोमाग धावत आला.

"काय झालं? गोळा तर झकास झालाय!"

"पुसलीत तुम्ही."

"काय पुसलं?"

"फुंकणी! माझ्या तोंडची फुंकणी पुसलीत, चारचौघांत!"

 त्याचा हात आपोआप खांद्यावरच्या फडक्याकडे गेला आणि तिथेच थांबला. चेहरा खर्रकन उतरला.

"अगं... अहो, ती सवय आहे माझी. माझ्या आधीच्या कारखान्यात उस्ताद तंबाखू चघळायचे. फुंकणी न पुसता तोंडात धरली की तासभर तोंड कडू. वर्षानुवर्षं तसंच... हात आपोआप जातो. इथे आल्यापासून जोडीचं काम आजच पहिलं केलं. मला माहीतच नव्हतं, इथे कुणी..."

"असेल."

"असेल म्हणजे? विश्वास नाही तुमचा?"

"आहे," ती म्हणाली. "तुमच्यावर आहे. पण त्या सगळ्यांनी बघितलं ना! वर्षभरात एकदा मिळाली होती ती जागा. आता कुणाकुणाला तुमच्या उस्तादांची तंबाखू सांगत बसू? जा तुम्ही. खरंच जा."

तो गेला. त्याने दाराशी थांबून "चुकलं माझं" म्हटलं ते तिला ऐकू आलं, पण तिने मान वर केली नाही. त्या रात्री तिने रेडिओ लावला नाही. दोन माणसं एकमेकांशी बोलतायत, हे त्या रात्री तिला ऐकवलं नसतं. रडली. त्याच्यावर रागावून रडली, आणि त्याची आठवण येऊन रडली, आणि शेवटी दोन्ही एकाच वेळी करता येत नाही म्हणून झोपली.

दुसऱ्या दिवशी जोडीतला दुसरा गोळा करायचा होता. मालकांनी मिस्त्रीकाकांना नव्याबरोबर उभं केलं. सुट्टीचा दिवस असल्याने गॅलरी गच्च भरली होती. भिंगरी पॅकिंगच्या दारात येऊन उभी राहिली. येणार नव्हती, पण पाय आले.

काकांनी काच घेतली, फुंकून सुरुवात केली, बाकावर बसले. "घे रे," म्हणाले.

नवा गुडघ्यावर बसला. फडक्याचं टोक घेतलं. काकांच्या तोंडची फुंकणी खसाखसा पुसली आणि मग तोंडात धरली.

 कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "काय हो काका, तुम्हाला पण काही झालंय का?" आणि एकच हशा पिकला. लंबूसुद्धा भाजलेला हात पोटाशी धरून हसला आणि मग एकदम गप्प झाला. काय झालं ते नव्याच्या सगळ्यात शेवटी लक्षात आलं. तो इतका गोंधळला की जोरात फुंकून बसला. गोळा एका अंगाने फुगला, लोंबला आणि धपकन फरशीवर पडला.

मालकांनी कपाळाला हात लावला. "अरे, हा काय सगळ्यांचीच पुसतो?"

"सगळ्यांचीच पुसतो, मालक," भिंगरी म्हणाली.

ती केव्हा पुढे आली हे तिचं तिलाही कळलं नव्हतं. गॅलरीतली माणसं कठड्यावर ओणवी झाली. मालकांनी तिकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "भिंगरे, आत जा. आपण नंतर बोलू."

"नंतर नंतर म्हणता वर्ष झालं. मला इथे, सगळ्यांसमोर सांगा. मी बरी आहे, हात बरा आहे, कालचा गोळा माझा आहे. मला बाकावर का बसू देत नाही?"

"अगं, तुझ्या काळजी—"

"काळजी सोडून बोला."

मालकांना ती सोडून बोलायला काही सापडेना. शेवटी म्हणाले, "मी बसू देईन गं. पण तुझ्याबरोबर फुंकणार कोण?"

"मी!" नवा उठून उभा राहिला.

"तुम्ही गप्प बसा हो!" ती त्याच्यावर खेकसली. "तुमचं कोण ऐकणार? प्रेमात पडलेल्या माणसाची साक्ष कधी कुणी धरलीय का?"

बोलून गेली, आणि मग आपण काय बोललो ते तिने ऐकलं. तिच्यासोबत सगळ्या कारखान्यानेही ऐकलं.

"कोण पडलंय प्रेमात?" मालकांनी विचारलं. बिचाऱ्यांचा मूळ मुद्दाच हातातून निसटला होता.

"मी," नवा म्हणाला. त्याचे कान लालबुंद झाले होते, पण तो मागे हटला नाही. "मीच सांगणार होतो, मालक. धीर होत नव्हता. यांनी आधी सांगून टाकलं."

गॅलरीतली एक म्हातारी बाई खुदकन हसली आणि तिने टाळी वाजवली. भिंगरीला वाटलं, भट्टीचं दार उघडं राहिलंय की काय. चेहरा असा भाजत होता. त्या गोंधळात मिस्त्रीकाका बाकावरून उठले. गुडघे धरून, सावकाश.

"मालक, तिच्याबरोबर मी फुंकतो," ते म्हणाले. "पोरीला मी शिकवलं आणि वर्षभर मूग गिळून बसलो. आता नाही बसवत."

मालक गॅलरीकडे बघत होते. हॉटेलची तारीख, पडलेला गोळा, टाळ्या वाजवणारी ती म्हातारी... सगळ्याचा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. "बरं. ही जोडी पूर्ण कर. पुढचं पुढे."

"पुढचं आत्ताच," ती म्हणाली.  "रोज. याच बाकावर, गॅलरीसमोर. नाहीतर गोळा एकटाच राहील, आणि मी कामगार कचेरीत जाऊन सांगेन, की बऱ्या झालेल्या माणसाला इथे कागदात गुंडाळून फळीवर ठेवतात."

मालकांनी फरशीवर पडलेल्या काचेकडे बघितलं. मग "कर बाई काय करायचं ते" असं पुटपुटत ते ऑफिसात गेले आणि दार लावून घेतलं. ते मनापासून नव्हतं, हे सगळ्यांना कळलं. लंबू तिच्या वाटेतून बाजूला झाला, पण काही बोलला नाही. बोलेल कधीतरी, किंवा नाही बोलणार. तिने फुंकणी उचलली. काकांनी न पुसता तोंडात धरली, आणि दुसरा गोळा पहिल्याची जोड होऊन निवायच्या भट्टीत गेला.

संध्याकाळी बसथांब्यावर नवा तिच्यापासून चांगला दोन हात अंतर राखून उभा होता. आज पाऊस नव्हता, त्यामुळे जवळ यायला निमित्तही नव्हतं.

"काकांची मुद्दाम पुसलीत ना?" तिने विचारलं.

"आईशप्पथ नाही. हात आपोआप गेला."

"मग बरंय."

"आणि ते... प्रेमाचं म्हणालात... ते तुम्हाला कसं कळलं?"

"चहूबाजूंनी वाकडा पेला कोण आणतं हो?"

तो हसला, मग गंभीर झाला. "माझं सगळ्यांना कळलं. तुमचं अजून कुणालाच कळलं नाही. मलाही नाही."

 रस्त्याच्या पलीकडे एकेका खिडकीत दिवे लागत होते. प्रेम आहे, हे सांगणं तिला अवघड नव्हतं. ते तर ओठांवरच होतं. त्याच्या मागचं, कुणाला, अगदी आईलाही न सांगितलेलं बोलायचं होतं, आणि त्यालाच सगळा धीर लागत होता.

"माझी तपासणी असते अजून," ती म्हणाली. "सहा महिन्यांनी एकदा. सोमवारी आहे. काही निघत नाही, पण... आत बोलावेपर्यंत तिथल्या बाकावर बसायचं असतं ना, ते मला सगळ्यात नको वाटतं. बाकीच्यांबरोबर कुणी ना कुणी असतं. मी शेजारी माझी पिशवी ठेवते. म्हणजे जागा रिकामी दिसत नाही."

तो ऐकत होता. दोन हातांचं अंतर केव्हा संपलं ते तिला कळलं नाही. त्याची बाही तिच्या बाहीला लागली तेव्हा कळलं.

"तू येशील?" तिने विचारलं.

"येईन," तो म्हणाला. "पण सोमवारी पिशवी मांडीवर घ्यावी लागेल तुला."